गादी राज्याबाहेर नेण्याबाबत

लेकीच्या सासरी गादी न्यायला परवानगी लागत नाही, ही गोष्ट तळेगावात सगळ्यांना माहीत होती. मला नव्हती. याचं कारण एवढंच की मी बत्तीस वर्षं तालुक्याच्या पुरवठा शाखेत बसून परवानग्या देत होतो. पंगतीला साखर, स्टोव्हला रॉकेल, घराच्या पायाला सिमेंट, सगळं माझ्या सहीनं हलायचं. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाला हळूहळू असं वाटायला लागतं की सकाळी सूर्य उगवतो तोसुद्धा कुठून तरी कागद घेऊनच. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला मी फिरायला जातानाही बायकोची, म्हणजे मंदाबाईंची, परवानगी मागत असे. ती देत नसे.

तर गादी. आमची रीता पांढुर्ण्याला दिली आहे. पांढुर्णा तसं जवळच, आष्टी आणि वरूड ओलांडलं की आलंच; बोलणंचालणंही आपल्यासारखंच. पण मध्ये सरहद्द आहे, आणि पलीकडे मध्य प्रदेश. रीताच्या लग्नात आम्ही बाजारातून आणलेली तयार गादी दिली होती. ती वर्षभरात मधोमध बसली. विहीणबाईंनी निरोप पाठवला, "समधीजींच्या शेतात कपास होते म्हणतात, मग आमच्या गादीत चिंध्या कशा काय?" निरोप आणणाऱ्यानं तो वाटेत सात ठिकाणी सांगितला होता. मी उलट निरोप धाडला, की पोरीचं बाळंतपण होऊ द्या, नातवाला पाठवीन तेव्हा घरच्या कापसाची गादी सोबत येईल, हा काळबांड्यांचा शब्द आहे.

शहाण्णव सालच्या दिवाळीत नातू झाला. पियुष. पौष संपला की माघात मायलेकांना पोचवायचं ठरलं. रीता काही बोलत नसे, पण एकदा आईजवळ म्हणाली, "आई, गादी नाई गेली त मले जन्मभर त्या चिंध्यावरच झोपा लागन." गादीवरच्या झोपेबद्दल ती बोलत नव्हती, हे मलाही समजलं.

आता इथे एक अडचण. त्या काळी आमच्याकडे शेतकऱ्यानं पिकवलेला कापूस सरकारलाच विकायचा असे. दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. अर्थशास्त्रात याला एकाधिकार म्हणतात. घरात याला वेगळा शब्द नाही. मंदाबाई म्हटलं की पुरतं.

मंदाबाईंनी चोवीस किलो कापूस बाजूला काढला. रेचकीवर, म्हणजे हातचरकावर, सरकी वेगळी केली; आठ किलो रूई निघाली. लहानू पिंजाऱ्याला अंगणात बसवला, आणि दोन दिवस आमच्या घरात सगळे जण डोक्यावर रूई घेऊन हिंडत होते. गादी अशी झाली की लहानू स्वतःच तिच्याकडे बघत राहिला. "साहेब, इहीणबाई इच्यावर झोपल्या त तीन दिवस उठाच्या नाई."

"तेवढंच रीताला बरं," मी म्हणालो.

शेजारी लगेच जमले. उजवीकडे दौलतराव, धान्याचे व्यापारी. एक्याण्णव सालापासून त्यांना मुक्त बाजाराचा नाद लागला होता. सरकारनं फक्त रस्त्यावरचे दिवे लावावे आणि तेही सकाळी आठवणीनं विझवावे, बाकी सगळं बाजार पाहून घेईल, असं त्यांचं मत. डावीकडे अण्णाजी, सहकारी सोसायटीचे निवृत्त सचिव. त्यांच्या मते माणूस मोकळा सोडला की तो पहिल्यांदा शेजाऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर नांगर घालतो, म्हणून सगळं आधी ठरवून ठेवावं. दोघे रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर भांडत आणि चहा मात्र योजनाबद्ध रीतीनं दोनदा घेत.

"टाका एसटीच्या टपावर अन् जा," दौलतराव म्हणाले. "कोन इचारते? गादी तुमची, पोरगी तुमची, कापूस तुमचा."

"पोरगी आता तेंची झाली," अण्णाजी म्हणाले, "अन् कापूस सरकारचा. राह्यली गादी. तिच्याबद्दल इचारून घ्या साहेब. नियम आहे त काहीतरी कारण असन."

"कारण नसते म्हनूनच नियम करा लागते," दौलतराव म्हणाले.

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि आतून कागद आणला. वर लिहिलं, "विषय : गादी राज्याबाहेर नेण्याबाबत." काय सांगू, तीन वर्षांनी हात मोकळा झाल्यासारखा वाटला.

तालुक्याच्या ऑफिसात माझ्या जुन्या टेबलावर आता बंडूजी बसत. त्यांना मीच कामाला लावलं होतं, म्हणजे काम शिकवलं होतं. त्यांनी उठून खुर्ची दिली.

"कायचा अर्ज आहे, साहेब?"

"गादीचा."

"कोनाच्या? अध्यक्षाच्या गादीवर कोन बसून राह्यलं?"

"झोपायच्या गादीचा."

"झोपाले परवानगी लागत नाई, साहेब. आपल्या ऑफिसात त अजिबातच नाई."

मी सविस्तर सांगितलं. बंडूजींनी अर्ज वाचला, मग नियमांचं पुस्तक काढलं. त्यात कापूस होता, रूई होती, सरकी होती, गठाण होती. गादी नव्हती. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे फार वाईट वाटल्यासारखं पाहिलं.

"साहेब, हा अर्ज वापस घेऊन जा. तुमी इचारलंच नाई असं समजतो."

"का बरं?"

"तुमी इचारलं नसतं त मले काई सांगा लागलं नसतं. आता इचारलं त उत्तर द्या लागन. अन् मले उत्तर मालूम नाई. म्हंजे वर इचारा लागन."

माणसाला वाचायची संधी देव एकदाच देतो, आणि ती बहुधा बंडूजींच्या हस्ते देतो. पण माझ्या देखत आवक क्रमांक पडल्याशिवाय मी कधी कुठला कागद सोडला नव्हता. मी म्हणालो, "क्रमांक टाका."

वरून उत्तर नवव्या दिवशी आलं. नोकरीत मी इतका वेगवान कागद पाहिला नव्हता; पण मनाई करायची असली की कागदाला पाय फुटतात. त्यात लिहिलं होतं की गादी या वस्तूबाबत धोरण निश्चित होईपर्यंत राज्याबाहेर जाणारी प्रत्येक गादी थांबवण्यात यावी. मी एका गादीची परवानगी मागायला गेलो होतो आणि सगळ्या तालुक्याची मनाई घेऊन आलो.

चौथ्या दिवशी चिंधू नावाचा एक शेतकरी डोक्यावर गादी घेऊन माझ्या दारात आला. त्याच्या लेकीची ती गादी सरहद्दीच्या नाक्यावर एसटीच्या टपावरून उतरवली होती. त्यानं ती माझ्या ओट्यावर अंथरली, नीट झटकली आणि म्हणाला, "तुमीच झोपा, साहेब. तुमाले कायद्याची लय झोप येते." तो रागावला असता तर बरं झालं असतं. बस स्टँडवर बायका एकमेकींना मला दाखवू लागल्या. "हेच ते गादीवाले." बत्तीस वर्षांत साखर कमी दिली म्हणून मला पुष्कळ जणांनी नावं ठेवली होती, पण आडनावच बदललं नव्हतं.

यानंतर बंडूजी तपासणीला आले. मूळ अर्जदार मी, तेव्हा पहिली तपासणी माझ्या गादीची. त्यांनी पोतं शिवायचं दाभण आणलं होतं. गादीची एक शिवण उसवून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. गाईची तपासणी करताना जनावरांचे डॉक्टर जसे दूर कुठे तरी बघतात तसं त्यांचं तोंड झालं होतं. बराच वेळ गेला. मग त्यांनी चिमूट बाहेर काढली. चिमटीत एक सरकी होती.

"घोटाळा झाला, साहेब."

"एका सरकीनं काय होतं?"

"सरकी नाई त रूई. सरकी हाय त कापूस. आता ही गादी नाई राह्यली. हा कापूस हाय, फक्त त्याले खोळ घातली."

लहानूला बोलावलं. तो म्हणाला, "भातात खडा निंगला त भाताले गिट्टी म्हनता काय?" हा मुद्दा पंचनाम्यात घेण्यासारखा होता, पण घेतला गेला नाही. पंचनाम्यात आलं ते असं : सरकी, नग एक. गादीच्या वरच्या शिवणीवर लाखेची चार सीलं पडली आणि ती माझ्याच ताब्यात देण्यात आली. तिच्यावर झोपायचं नाही, बसायचं नाही, तिला ऊन दाखवायचं नाही. आम्ही ती बैठकीत भिंतीशी उभी केली. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि दोघांत जास्त गंभीर कोण ते त्यांना ठरवता येत नसे.

मी अगदी खचलो होतो. तेवढ्यात ऑफिसातून दुसरं पत्र आलं आणि मी सावरलो. तालुक्यातल्या लेकींना वर्षाला किती गाद्या लागतात याचा अंदाज घेऊन त्याप्रमाणे वाटप करायचं ठरलं होतं. त्यासाठी "गादी गरज निश्चिती समिती" नेमली होती, आणि अनुभवी अशासकीय सदस्य म्हणून मला घेतलं होतं. मी इस्त्रीचा सदरा काढला. ज्या गावात आपल्याला गादीवाले म्हणतात, तिथे निदान अधिकृत गादीवाले व्हावं.

खरं सांगायचं तर पुढचे पाच आठवडे फार सुखाचे गेले. आम्ही निकष ठरवले. एका माणसामागे चार किलो रूई. नवराबायकोत भांडण असल्यास दोन वेगळ्या गाद्या, मात्र भांडणाचा सरपंचाचा दाखला जोडावा. सासू एकत्र राहत असल्यास अर्धा किलो जादा. माझ्या माहितीत आमच्या गावच्या अकरा मुली सरहद्दीपलीकडे दिल्या होत्या. अर्ज आले दोनशे तेरा. आपल्याला मुलगी आहे हे काही जणांना नमुना भरतानाच कळलं. नत्थू तर अविवाहित. त्यानं दोन मुलींसाठी अर्ज केला आणि शेऱ्यात लिहिलं, "पुढे होतील." समितीनं त्याला नाकारलं नाही, पाच वर्षांच्या अंदाजात धरलं.

दरम्यान दौलतरावांनी ऑफिसात जाऊन असं पटवलं की प्रत्येकानं वाटेल त्या कापडाची खोळ शिवली तर तपासणीला अवघड जाईल. एकाच दुकानातून प्रमाणित खोळ मिळावी. दुकान त्यांचं ठरलं. लागलीच ते ओट्यावर म्हणू लागले, "मोकळ्या बाजाराचं मी म्हनतो ते खरंच हाय, पन खोळीच्या बाबतीत लोकाईले शिस्त पायजेच."

आणि अण्णाजी? नियमाला कारण असतं म्हणणारे अण्णाजी एका सकाळी लेकीकडे, सरहद्दीपलीकडे सौंसरला जाऊन आले. जाताना त्यांच्या सामानात सोळा उशा होत्या. लेकीच्या घरी माणसं दोन. तिथे उशा उसवून झकास गादी झाली.

"अण्णाजी, हे काय?" मी विचारलं.

"उशीबद्दल नियम नाई."

"मग विचारायचं तरी."

"तुमच्यावानी?" अण्णाजी म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

मला हे मनापासून लागलं. दुसऱ्या दिवशी समितीपुढे मीच ठराव मांडला की उशी ही लहान गादीच समजण्यात यावी. एकमतानं मंजूर झाला. खाली पहिली सही माझी.

त्या रात्री जेवताना मंदाबाईंनी विचारलं, "तुमच्या त्या निकषात आपली रीता कुठी बसते?"

मी समजावलं, की मी स्वतः सदस्य असल्यामुळे माझा अर्ज आधी घेणं बरं दिसत नाही. शिवाय गादी सीलबंद आहे. तिचा क्रमांक दोनशे चौदावा आहे, आणि आतापर्यंत समितीनं एकही गादी मंजूर केलेली नाही, कारण निकष अजून पक्के व्हायचे आहेत.

"पौष सरला," मंदाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी जाची हाय पोरगी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाच आठवडे मी त्या कॅलेंडरवर फक्त बैठका पाहिल्या होत्या. पलीकडे रीता पियुषचे कपडे भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "राहू द्या, बाबा. मी सांगीन तिकडं, की बाबाचं काम सुरू हाय म्हनून." तिनं टोमणा मारला असता तर मी समितीचं महत्त्व सांगितलं असतं. तिनं मारला नाही.

"उशा करता येणार नाहीत," मी हळूच म्हणालो.

"मालूम हाय. तुमीच बंद केल्या." मंदाबाईंनी ताट उचललं. "कोटाबद्दल तुमच्या समितीनं काई लेहलं हाय काय?"

"कोटाबद्दल? नाही."

"मंग लेहू नका."

सीलं वरच्या शिवणीवर होती; खालच्या शिवणीला शासनानं हात लावलेला नव्हता. मंदाबाईंनी ती उसवली, रूई काढली, आत गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, भरला आणि पुन्हा शिवली. गादी भिंतीशी होती तशीच उभी राहिली, चारी सीलं शाबूत. फक्त उंदीर आता तिच्याकडे आपुलकीनं पाहू लागले. रूईपैकी तीन किलो पियुषच्या दुपट्यांत आणि रीताच्या शालीत गेली. पाच किलो माझ्या कोटाच्या अस्तरात. त्यात मला घातलं तेव्हा माझे हात खाली येईनात. शुक्रवारी सकाळी मी घरातून निघालो तो दारातून आडवा. ओट्यावरून दौलतराव म्हणाले, "साहेब, अंगावर सूज दिसते." अण्णाजी म्हणाले, "सुजीबद्दल नियम नाई."

वरूडपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही, कारण तीन माणसांच्या बाकावर मी आणि खिडकी एवढंच मावलो होतो. पुढे नाका आला. मफलर बांधलेला एक कर्मचारी बसमध्ये चढला. "कापूस, रूई, गादी, उशी, हाय काय कोनाजवळ?"

उशी हा शब्द त्यात माझ्यामुळे आला होता. बत्तीस वर्षं मी समोरच्या माणसाला असे प्रश्न विचारले होते आणि खरं उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. सरकारी माणसानं विचारलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. मी उठलो. म्हणजे उठू लागलो. कोटामुळे त्याला वेळ लागत होता. तोंड उघडलं. तेवढ्यात रीतानं नातू माझ्या छातीवर ठेवला.

"बाबा, याले धरा जरा," ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बसलो.

पियुषनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नाक्याच्या माणसाकडे, आणि मग कोणालाही न विचारता सुरुवात केली. त्या बसमध्ये तो एकटाच स्वतंत्र नागरिक होता. थंडीचे दिवस, सकाळपासून दूध पोटभर. काम बराच वेळ चाललं. नाक्याचा माणूस पाय मागे घेऊन उभा राहिला. त्यानं खाली पाहिलं. खाली कोरडं. त्यानं बाकाखाली वाकून पाहिलं. तिथेही कोरडं. मग तो माझ्याकडे पाहू लागला.

"एवढं गेलं कुठी?"

"कोट जुना आहे," मी म्हणालो. हे खरं होतं.

"जुना कोट एवढं पीत नाई, आजोबा."

"याला सवय आहे."

त्यानं कोटाकडे हात नेला. मध्येच थांबवला. मी त्याचा चेहरा ओळखत होतो. बत्तीस वर्षं तो माझाच होता. जप्त करायचा तर पंचनामा, पंचनाम्याला कोट हातात घेणं आलं, मग वजन, मग सील, मग हा ओला कोट कोणाच्या ताब्यात ठेवायचा हा प्रश्न, आणि नाक्यावर खोली एकच. त्यानं हात मफलरला पुसला.

"पोराले सर्दी होईन," तो म्हणाला आणि उतरला. कंडक्टरनं घंटी दिली.

पांढुर्ण्याला पोचल्या पोचल्या रीतानं मला मागच्या खोलीत नेलं, कोट उसवला, शाल उसवली, दुपटी उसवली. मंदाबाईंनी सोबत दिलेली खोळ तिनं स्वतः भरली, स्वतः शिवली. दिवे लागले तेव्हा समोरच्या खोलीत गादी अंथरलेली होती. धर्मेंद्र, म्हणजे आमचे जावई, बाजूला उभे होते. शेजारच्या चार बायका मुद्दाम बोलावलेल्या होत्या. विहीणबाई खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी गादी दाबत दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला निघाल्या. मधे मधे थांबून बायकांकडे बघत. रीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मध्यावर विहीणबाईंचा हात थांबला. त्यांनी पुन्हा तिथेच दाबलं.

"कपास तर एक नंबर हाय, समधीजी," त्या म्हणाल्या. "हाताले मालूमच पडते घरची म्हनून. पन इकडं जराशी ओल लागून राह्यली."

सगळे माझ्याकडे बघू लागले. रीताही. सरकारदरबारी मी आजवर खोटं बोललो नव्हतो आणि घरी बोलायची संधी मिळाली नव्हती.

"लागणारच," मी म्हणालो. "ओलिताचा कापूस आहे, विहीणबाई."